परडी, जट आणि पुढचं एक वर्ष

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठं चुकत असेल तर तुला लगेच कळेल. घर येरमाळ्याकडचं, ऊसतोडीला जाणारं. तीन पिढ्यांपासून चालत आलेलं असं, की थोरल्या लेकीनं देवीआईची परडी, म्हणजे जोगव्याची टोपली, धरायची, केसाला फणी लावायची नाही, मंगळवार-शुक्रवार पाच घरी जोगवा मागायचा आणि लग्नाचं नाव काढायचं नाही. आधी आजोबांची बहीण, मग आत्या, आता तू. तू बावीस वर्षांची, संभाजीनगरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. उन्हाळ्यात टायफॉइडनं घरी तीन आठवडे पडून होतीस, त्यात उजव्या कानामागं केस गुंतून चिकटले, दोन बोटं जट झाली. आईनं ती पाहिली आणि त्या दिवसापासून फणी लपवून ठेवली. येत्या अष्टमीला तुझ्या हातात परडी द्यायचं घरात ठरलंय. तुझे प्रश्न दोन. जट काढली तर खरंच काही होतं का? आणि घर न तोडता यातून सुटता येईल का?

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं. काही होत नाही. दुसऱ्याचं उत्तर, बहुतेक वेळा येतं. पण त्याला लागणारा वेळ आणि तू धरून चालली आहेस तो वेळ यात मोठा फरक आहे.

मी वीस-बावीस वर्षं अंबाजोगाईत राहून बीड, लातूर, धाराशिव या भागात समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायकोची भांडणं, बालविवाह, दारू हे रोजचं. जटेचं काम त्यातूनच अंगावर आलं. आजवर शंभराच्या वर बायकांच्या जटा माझ्यासमोर निघाल्या असतील, त्यातल्या बऱ्याच मी स्वतःच्या हातानं कापल्या. म्हणून सांगते, तुझी खरी अडचण केसात नाहीच. जट एका तासात निघते. त्यानंतर घरात पहिलं काहीतरी वाईट घडतं, म्हैस मरते, कुणाचा हात मोडतो, पाऊस दडी मारतो, तेव्हा सगळे वळून ज्या एका माणसाकडं बघतात ते माणूस कोण, हा तुझा प्रश्न आहे. आणि वाईट काही ना काही घडणारच. वर्षभरात ज्या घरात काहीच वाईट घडलं नाही असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. सुरुवातीच्या काळात आम्ही एका गावात समाजमंदिरात कार्यक्रम ठेवून एका बाईची जट काढली. पंचेचाळिशीची बाई, पंधरा वर्षांची जट. भाषणं झाली, हार घातला, फोटो छापून आले. आम्ही खुशीत परत आलो. वीसेक दिवसांनी तिच्या नवऱ्याची मोटारसायकल घसरली आणि पाय मोडला. सासूनं त्याच रात्री तिला घराबाहेर काढलं. मला हे कळलं तीन महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून. मी माहेरी जाऊन भेटले तर बाई रागावलीसुद्धा नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही कात्री घेऊन आलाव आन कात्री घेऊन गेलाव." तेव्हापासून मी कार्यक्रम करत नाही, फोटो काढू देत नाही, आणि पुढं वर्षभर त्या घरी जाणं-येणं जमणार नसेल तर कात्रीला हात लावत नाही.

आता केसांचं आधी उरकून टाकू, कारण घरात बोलताना तुला हे नीट सांगता यायला हवं. तू नर्सिंगची आहेस, तुला पटायला वेळ लागणार नाही. केस बरेच दिवस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, घाम, तेल आणि धूळ साचली, उवा-लिखा झाल्या, की केस एकमेकांत अडकत जातात आणि शेवटी त्यांचा नमदा, म्हणजे एकजीव जाड गोळा, होतो. केसाला नस नाही, रक्त नाही. कापताना रक्त आलं तर ते कात्री कातडीला लागल्यामुळं. वैद्यकीय भाषेत याला प्लायका पोलोनिका म्हणतात. हे नाव पोलंड देशावरून पडलं, कारण एके काळी तिकडं जटांचं मोठं प्रस्थ होतं. जट कापली तर आजार उलटतो, असं तिथली माणसंही मानायची. तिथं ना तुळजापूर, ना येरमाळ्याची येडाई, ना परडी. तरी भीती तीच.

आपल्याकडं जट कुठं होते ते बघ. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी कारखान्यावर जाते. पाचटाच्या कोपीत, झोपडीत, सहा महिने. पहाटे चारला उठून फडात, रात्री मोळ्या भरायला. डोक्यावरून आंघोळ करायला पाणी कुठं आणि वेळ कुठं? परत येईतो चैत्र-वैशाख, गावात टँकरची वाट बघायची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या सालात माझ्याकडं नव्या जटा घेऊन जेवढ्या बायका आल्या तेवढ्या आधी कधी आल्या नव्हत्या. देवीनं नेमकं दुष्काळाच्या सालात इतक्या जणींना बोलावलं असेल, की पाणी नव्हतं? बाळंतपण, लांबलेला ताप, मन खचणं, यानंतरही जट होते, कारण अंथरुणावरच्या बाईला न्हाऊ घालणारं कुणी नसतं. तुझं तेच झालंय. टायफॉइडचे तीन आठवडे.

आणि खरं सांगायचं तर दोन बोटांची, दोन-तीन महिन्यांची जट म्हणजे निव्वळ गुंता. कापायचीही गरज पडणार नाही. खोबरेल तेल रात्री मुरू दे, दोन-तीन रात्री लागोपाठ. मग विणकामाची सुई घेऊन टोकापासून सोडवत मुळाकडं ये. उलटं करशील, मुळाकडून ओढशील, तर दुखेल आणि गुंता घट्ट होईल. होस्टेलवरची एखादी मैत्रीण मदतीला घे, कानामागचं स्वतःला दिसत नाही. उवा असतील तर आधी त्यांचं औषध.

पण हे आजच करायचं का, यावर थांब. इथून पुढचं तुझ्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्यातलं निम्मं तू लिहिलेलं नाहीस.

पहिलं म्हणजे, मारहाणीची भीती आहे का? कोंडून ठेवतील, फोन काढून घेतील, शिक्षण थांबवतील असं कुणी बोललंय का? तसं असेल तर माझं पुढचं सगळं समजुतीचं बोलणं बाजूला ठेव आणि अष्टमीला गावी जाऊच नकोस. होस्टेलवर राहा. १८१ हा महिलांचा नंबर आहे, तातडीला ११२. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असा समज आहे, तो चूक आहे. लेकीलाही त्याचा आधार मिळतो, आणि त्यासाठी सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी असतात.

दुसरं, पैसा. फी कोण भरतं? शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून येत असेल तर ती तुझ्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते. ते खातं कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे ते आजच बघ. मला भेटलेल्या कितीतरी मुलींचं खातं भावाच्या नाहीतर चुलत्याच्या नंबरवर होतं आणि मुलीला स्वतःच्या पैशाचा मेसेजसुद्धा येत नव्हता. टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, आधार, हे सगळं होस्टेलच्या पेटीत पाहिजे. घरच्यांवर अविश्वास म्हणून नाही. वाद पेटला की सगळ्यात आधी कागद कपाटात जातात आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणाला आठवत नाही.

तिसरं, घराबाहेरचं कुणी यात आहे का? गावातला भगत, शेजारची अंगात येणारी बाई, परडीच्या कार्यक्रमाचा खर्च सांगणारा कुणी? घरातली भीती आणि बाहेरून घातलेली भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्याशी बोलायचं. बाहेरचा अंगात आल्याचं भासवून "ऐकलं नाही तर वाटोळं होईल" अशी धमकी देत असेल, तर तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात हे स्पष्ट आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. मात्र हाच कायदा यात्रा, भजन, वारी यांना हात लावत नाही, हे घरी आवर्जून सांग. "पोरगी देव मोडायला निघाली" ही आवई उठली की खरा प्रश्न मागं पडतो.

त्यालाच जोडून एक. तुझ्या घरची रीत म्हणजे नुसती परडी, की मुलीचं देवाशी लग्न लावतात? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परडी धरणारे आराधी, म्हणजे देवीचे सेवेकरी, हजारोंनी आहेत, बहुतेक लग्नाचे, लेकराबाळांचे, संसारी. नवरात्रात पोत, म्हणजे देवीची पेटती मशाल, घेऊन तुळजापूरला जाणाऱ्या बायांना मी कधी वाईट म्हणणार नाही. माझी माय त्यातलीच होती. पण मुलीला देवाला वाहायचा विधी होत असेल, तर देवदासी प्रथेविरुद्ध राज्याचा २००५ चा कायदा आहे आणि त्यात भाग घेणारा प्रत्येक जण अडकतो, आई-बापसुद्धा. तू लिहिलंस, "आत्याच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे आणि तिचं लग्न करायचं नसतं." हे "करायचं नसतं" कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते शोध. माझा अंदाज आहे की विधी असा काही झालेला नाही, नुसता दंडक पडत गेलाय.

दंडक का पडतो, हे मी प्रत्येक घरात शोधते. ही रीत कुणाच्या सोयीची आहे? आजीला हे विचारायचं नाही, आपण आपल्या मनाशी बघायचं. तुझ्याच घरात बघ. दसऱ्यानंतर आई-वडील, चुलता-चुलती कारखान्यावर. सहा महिने घरात कोण? म्हातारी माणसं, लहान लेकरं, दोन शेळ्या आणि आत्या. लग्न होऊन सासरी न जाणारी, पोटचं लेकरू नसलेली, देवीच्या नावानं घरीच राहणारी बाई. तिच्या जीवावर तुमचं घर पन्नास वर्षं कोयता घेऊन फिरू शकलं. कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. घरच्यांचा देवीवर जीव आहे हेही खरं. पण आत्या थकली, आणि नेमकी आताच तुझ्या कानामागची जट सगळ्यांना दिसली. सोय आणि श्रद्धा एकमेकींत इतक्या मिसळून गेलेल्या असतात की घरच्यांनाही त्या वेगळ्या करून दाखवता येत नाहीत. म्हणून माझा अनुभव असा, की नुसतं देवीवर बोलून भागत नाही. "पुढच्या हंगामात आजी आणि लहानी लेकरं कुणाकडं राहतील?" या प्रश्नाचं उत्तर तुझ्या खिशात पाहिजे. हंगामी वसतिगृह असेल, एक चुलती मागं राहणं असेल, काहीही असेल. ते उत्तर सापडलं की घरातला देवीचा कोपही निम्म्यानं उतरतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता आजीची गोष्ट. आजोबांच्या बहिणीनं बहात्तरच्या दुष्काळात जट कापली, त्या सालात घरातली दोन लेकरं गेली, आणि म्हणून पाच वर्षांच्या आत्याच्या गळ्यात माळ घातली. तू लिहिलंस की तू आजीला म्हणालीस, "हा योगायोग असतो." असं पुन्हा म्हणू नकोस. ती दोन लेकरं तिची होती की जावेची ते मला माहीत नाही, पण तिनं त्यांना मांडीवर घेतलं असणार. तिच्या दुःखाला तू योगायोग म्हटलंस की ती ऐकणं बंद करते. त्याऐवजी तिला बहात्तर साल विचार. काय खाल्लं? लाल मिलो ज्वारी आणि वाटपाची सुकडी. पाणी किती लांबून? दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण गेलं? लेकरांना काय झालं होतं, जुलाब की ताप? डॉक्टर होता का? ती सांगत जाईल. मी अशा म्हाताऱ्यांजवळ तासन् तास बसलेय. सांगता सांगता कधी कधी तीच म्हणते, "तवा कुणाच्या घरचं लेकरू ऱ्हायलं व्हतं माय." तिथं गप्प बसायचं. "बघ, मी म्हणत नव्हते?" असं म्हणालीस तर सगळं पाण्यात.

ओट्यावरच्या बायकांसोबत मी अजून एक करते. जट कापली त्यांच्या घरी काय काय झालं हे सगळ्यांना पाठ असतं. जट ठेवली त्यांच्या घरी काय झालं, हे कुणी कधी मोजलेलंच नसतं. आत्याच्या डोक्यावर पन्नास वर्षं जट आहे. त्या पन्नास वर्षांत तुमच्या घरात कुणी गेलं नाही? कर्ज झालं नाही? बैल मेला नाही? हे वडिलांशी बोलायचं, एकट्यांशी, आणि एकदाच. पुरुषमाणसाला चारचौघांत हे विचारलं की तो देवीची बाजू घेऊन उभा राहतो.

वडिलांना विचारायची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आराधी पुरुषही असतात. परडी पुरुषही धरतात, जोगवा मागतात, कवड्यांची माळ घालतात. येरमाळ्याच्या चैत्र पौर्णिमेला चुनखडी वेचायला येणाऱ्या गर्दीत तुझ्या वडिलांनी असे कितीतरी पाहिले असतील. मग तुमच्या घरात ही सेवा थोरल्या लेकीनंच करायची, हे कुठून आलं? देवीची सेवा खंडू नये अशी वडिलांची इच्छा असेल तर ती त्यांनी करावी. हा टोमणा नाही, असं झालेलंय. कळंब भागातल्या एका घरात आत्यानंतर परडी बापानं घेतली. कुणी हसलं नाही. दुसऱ्या एका घरात परडी देवघरात कायमची ठेवली आणि पाच घरं मागायच्या ऐवजी मंगळवारी घरातल्याच पाच जणांनी मूठमूठ पीठ टाकायचं ठरवलं. त्या पिठाची भाकरी दारात येईल त्याला. आमच्यातले काही कार्यकर्ते यावर नाराज असतात. म्हणतात, ताई, तुम्ही अंधश्रद्धेला नुसता नवा सदरा शिवता. असेलही. पण बावीस वर्षांची मुलगी त्या सदऱ्यातून मोकळी होत असेल तर शिवेन मी.

आजीसाठी आणखी एक. जनाबाई आपल्या गंगाखेडची. तिच्या अभंगात विठ्ठल काय करतो? तिचे केस सोडतो, डोक्याला लोणी चोळतो, न्हाऊ घालतो, कारण जनीला दुसरं कुणी नाही. देवाला बाईचे केस गुंतलेले आवडत असते तर त्यानं एवढी खटपट कशाला केली असती? मी हे भाषणात वापरत नाही, तिथं ते चलाखी वाटतं. पण म्हाताऱ्या बाईच्या डोक्याला तेल लावता लावता म्हटलं की ती हसते, आणि हसली की पुढं बोलता येतं.

आता आत्या. तुझ्या एवढ्या लांब पत्रात तिच्याबद्दल दोनच ओळी आहेत, मान दुखते आणि आता परडी होत नाही. मला वाटतं सगळ्याची किल्ली तिथं आहे. तू नुसती बाजूला झालीस तर पन्नास वर्षं तिनं जे केलं ते फुकट गेलं, असं तिला वाटेल. अष्टमीला ज्या मुली परडी नाकारतात त्यांच्याविरुद्ध सगळ्यात कडक कोण बोलतं माहीत आहे? आधीची परडीवाली. तिला गावात जो मान आहे तो त्या परडीमुळं आहे. अंगात आल्यावर तिच्या पाया पडणारे लोक एरवी तिला चहासुद्धा विचारत नाहीत. आणि जोगव्याचं पीठ-पैसे हेच तिचं स्वतःचं असं उत्पन्न. ते बंद झालं तर ती भावाच्या ताटावर येते. याची सोय आधी लाव. संजय गांधी निराधार योजनेत पस्तिशीच्या पुढच्या अविवाहित बाईला अर्ज करता येतो, महिना १,५०० रुपये. वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसीलला जायचं. हेलपाटे पडतील, ते तू मार. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाएवढा हिस्सा आहे, आत्यालाही, आणि तुलाही. २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंका उरू दिली नाही. हा मुद्दा आता घरात काढू नकोस. काढलास की सगळे म्हणतील, पोरीला देव नको, जमीन पाहिजे. फक्त माहीत असू दे.

आत्याची जट काढायची की नाही हे आत्या ठरवेल. मानेसाठी तिला दवाखान्यात ने, ते तुझं शिक्षणच आहे. एवढ्या वर्षांची जट जड असते, ओली झाली की आणखी जड, आणि कितीतरी दिवस वाळत नाही. मी वजन केलेली एक दीड किलोच्या आसपास भरली होती. तेवढं वजन डोक्याला बांधून भाकरी थापून बघ. डॉक्टरांच्या तोंडून "मानेवर ताण जटेचा आहे" हे येऊ दे. ती हो म्हणाली तर आधी बीपी बघायचा, कारण भीतीनं चक्कर येते. जट मुळापाशी सहसा बोटभर मोकळी असते, तिथं कापायची. निघाल्यावर काही जणी रडतात, काही जणी तिथंच आडव्या होऊन झोपतात. कितीतरी वर्षांत उशीवर सरळ डोकं टेकलेलं नसतं. निघालेली जट नदीत सोडायची की तुळजापूरला न्यायची, यावर वाद घालायचा नाही. नेऊ दे.

आणि पहिली कात्री घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातानं. तुझ्या जटेलाही हेच लागू. म्हणून वर थांब म्हणाले. होस्टेलवर गुपचूप सोडवलीस तर तुझं डोकं मोकळं होईल, पण घरी कळल्यावर पुढच्या प्रत्येक दुखण्याचं खापर तुझ्या एकटीवर. तेच आईनं किंवा आजीनं तेल लावून पहिली बट सोडवली, तर म्हैस मेली तरी "तिनं कापली" असं कुणाला म्हणता येणार नाही. आपण सगळ्यांनी केलं, एवढंच उरतं. महिना-दोन महिने दोघींची वाट बघ. नाहीच तयार झाल्या तर सोडव आणि त्याच दिवशी फोन करून सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

वेळ कुठली निवडायची? घरात कुणी आजारी असताना नको. पेरणीच्या तोंडावर नको, लग्न ठरलेलं असताना नको, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन टोळी निघायच्या आठवड्यात तर मुळीच नको. श्रावणातला एखादा साधा दिवस बरा. त्यानंतर वर्षभर घराशी बोलणं तुटू देऊ नकोस, विशेषतः वाईट बातमी आल्यावर. कुणी पडलं, कुणाला ताप आला, की सगळ्यांच्या आधी तू फोन करायचा आणि दवाखान्याचं बघायचं. ज्या मुलीवर ठपका येणार असतो तीच उशाशी बसलेली दिसली की ठपका ठेवायला जीभ रेटत नाही. दिवाळीला जा, संक्रांतीला जा. तुळजापूरला न्यायचं म्हणाले तर दर्शनाला जा, तुझी इच्छा असेल तर. परडीला नाही म्हणणं म्हणजे देवीला नाही म्हणणं, असं ठरवायचा हक्क कुणाला देऊ नकोस. ते तुझं तू ठरव.

भावकीनं वाळीत टाकायची भाषा केली तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण बहुतेक वेळा ते बोलण्यापुरतंच असतं. एखादा समजूतदार चुलता, शाळेतले गुरुजी, आशाताई, कुणीतरी एक माणूस गावात तुझ्या बाजूचं आधी तयार ठेव. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्तेही तुमच्या जिल्ह्यात भेटतील. मात्र पहिल्या भेटीला त्यांना घरी नेऊ नकोस, बाहेरचे लोक आले की घर दार लावून घेतं.

आज रविवार आहे. सगळ्यात आधी खात्याचा मोबाइल नंबर तपास. मग आत्याला फोन कर, परडीचं काही बोलू नकोस. मान कशी आहे विचार आणि पुढच्या आठवड्यात तपासायला इकडं घेऊन येते म्हण. ती यायला तयार झाली तर दोन दिवस तिला होस्टेलजवळ कुणाकडं तरी ठेवून घे, आणि ती एकटी असताना विचार, "आत्या, तुला पाच वर्षांची असताना कुणी विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?" ती काय सांगते ते मला कळव. अष्टमीचं काय करायचं ते त्यावरून ठरवू.